निवाड्याची घाई

यवतमाळच्या एका घरी, वडिलांच्या निधनानंतर त्यांचा व्हॉल्व्हचा सिग्नल जनरेटर भंगारात निघाला होता. “फादर, याच्यावरच रेडिओ दुरुस्त करून बाबांनी आम्हांला शिकवलं. एकदा बघता का?” मुलीने विचारले. सेमिनरीपासून आम्हांला या दिव्यांचा नाद. नकार देववला नाही.

ऑसिलोस्कोपवर पाहतो तो गोलाईदार लहरीचा एक माथा सपाट! म्हातारा व्हॉल्व्ह निकामी, असा निवाडा आम्ही तत्काळ दिला. नवा घातला, माथा सपाटच. मग ग्रिडवर मीटर लावला. जेथे शून्य असावे तेथे १२ व्होल्ट धन! व्हॉल्व्ह उपसून पुन्हा मोजले. धन दाब होताच. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. अपराधी होता त्याच्यामागचा कागदी कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हचा एकदिश दाब अडवून केवळ लहर पुढे सोडायची, हे त्याचे काम. वयोमानाने तो झिरपू लागला होता आणि पुढच्यावर न पेलणारा भार पडत होता.

यंत्र बंद केले तरी आत शेकडो व्होल्ट दडून राहतात. ते रोधकातून निचरू दिले, ०.१ मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर जोडला आणि जुनाच व्हॉल्व्ह परत बसवला. लहर गोल झाली.

मुलगी हळूच म्हणाली, “बाबाही शेवटी चिडचिडे झाले होते. आम्ही वयालाच दोष देत राहिलो.”

आम्ही निरुत्तर झालो. त्यांच्या घरी बसून आम्हीही तेच म्हणालो होतो. त्यांच्यावर भार कसला होता, हे कोणीच मोजले नव्हते.