औषधाची बाटली कुठल्या डब्यात?

बुधवार आणि शनिवार हे आमच्या वस्तीवर घंटागाडीचे वार. गाडी येते सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला, म्हणजे घरातली कर्ती माणसं रानात गेल्यावर. मागं राहतात त्या आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांना कमी दिसतं, पण जिभेची धार अजून गेलेली नाही. गाडीवरच्या पोरांशी त्यांचं भांडण ठरलेलं. एकदा त्यांनी नारळाची करवंटी हिरव्या डब्यात टाकली. पोरगा म्हणाला, "आज्जी, ही ओल्यात चालत नाही, सुक्यात टाका." पुढच्या खेपेला पोरगा दुसरा होता. त्यानं निळ्या डब्यातली करवंटी काढून परत त्यांच्या हातात दिली. आत्याबाई म्हणाल्या, "अरे बाबा, नारळ फोडला तेव्हा ही ओली होती, आता सुकली. मी हिच्या पाळतीवर किती दिवस बसू?" शेवटी करवंटी चुलीत गेली, आणि तिसऱ्या खेपेला वाद झाला तो तिच्या राखेवरून.

मंडळी, हसू येतं खरं, मलाही यायचं. पण या डब्यांच्या घोळात आमच्या मळ्यात एका लेकराचा जीव जाता जाता वाचला, आणि त्यात माझाही दोष होता. तेच सांगायला बसले आहे. आधी डब्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. थोडं बागायत आहे, त्यात टोमॅटो आणि कांदा. दावणीला दोन गाई नि एक म्हैस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कचरा म्हणजे अंगण झाडून निघेल तेवढाच. भाजीची देठं, साली, शिळं अन्न गाईच्या घमेल्यात. चुलीची राख भांडी घासायला, उरलेली कडधान्यात किडा लागू नये म्हणून. फाटकं लुगडं गोधडीत. बाकी शेण, गोठ्यातली खालवण, पालापाचोळा सगळं उकिरड्यावर. वैशाखात उकिरडा उपसायचा, गाडीनं खत रानात न्यायचं, की उकिरडा पुन्हा रिकामा. कुठली वस्तू कुठं टाकायची हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. घरातलं शेंबडं पोरही सांगायचं.

पुढं 2000 साली संत गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान निघालं तेव्हा गाव हिरीरीनं उठलं होतं. बायांनी खराटे घेतले, गटारं उपसली. आमच्या ह्यांनी तेव्हा गोठ्यामागं नाडेपची टाकी बांधली. पुसदच्या पांढरीपांड्यांनी काढलेली ती पद्धत: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीला मधे मधे भोकं. थोडं शेण आणि पुष्कळ पालापाचोळा, एवढ्यावर तीन-चार महिन्यांत काळंभोर खत. ती टाकी अजून चालू आहे.

उकिरड्याचं कौतुक मात्र मी फार करणार नाही. मधल्या वर्षांत त्यानं रूप पालटलं. दुधाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, पोरांच्या कुरकुऱ्यांची पाकिटं, गड्यांच्या गुटख्याच्या पुड्या, ठिबकच्या फुटक्या नळ्या, मल्चिंगच्या कागदाच्या चिंध्या सगळं त्याच ढिगावर. खत रानात पसरलं की कुळवाच्या फासाला प्लॅस्टिक गुंडाळून यायचं. सरकारनं 23 मार्च 2018 ला पिशव्यांवर बंदी आणली, पण रानातलं प्लॅस्टिक काही बंदीनं उगवायचं थांबलं नाही. तेव्हा ग्रामपंचायतीनं घंटागाडी सुरू करायचं ठरवलं, त्याला मी ग्रामसभेत हात वर करून पाठिंबा दिला. हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल, बाईला स्वच्छतेचं वावडं आहे.

2021 साली घरोघर दोन डबे आले. हिरवा ओल्याला, निळा सुक्याला. सोबत एक छापील कागद. तो कागद मी चार वेळा वाचला. त्यात चित्रं होती ती केळीच्या सालीची, उरलेल्या पोळीची, पेपरच्या रद्दीची, कोल्ड्रिंकच्या बाटलीची. माझा लेक पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. सुनेला तो कागद दाखवला तर ती म्हणाली, "आई, हा आमच्या सोसायटीतल्यासारखाच आहे." तिथं ते बरोबरच आहे. तिच्याकडं ना गाय, ना चूल, ना फवारणीचा पंप.

आमचा हिरवा डबा रिकामाच जायचा. साली-देठं गाय खाते, उरलंसुरलं टाकीत जातं. डब्यात टाकायला ओलं आणायचं कुठून? पण गाडीवरच्या पोराकडं वही होती, आणि वहीत दोन रकाने. आमच्या नावापुढं तो दर खेपेला "ओला नाही" असं लिहायचा. चार महिन्यांनी ग्रामसभेत कचरा वेगळा न करणाऱ्यांची यादी वाचली, त्यात आमचं नाव! आत्याबाईंना हे कळलं, त्या दिवसापासून त्या गाईपुढची मूठभर देठं काढून हिरव्या डब्यात टाकायला लागल्या. वहीत बरोबरची खूण आली. गाय तेवढी उपाशी.

फुटक्या बांगड्या कुणी घेईनात, हाताला लागतं म्हणून. राख घेईनात. मल्चिंगचा कागद घेईनात. म्हणे हा घरचा नाही, शेतीचा. आता शेतकऱ्याचं घर कुठं संपतं आणि शेत कुठं सुरू होतं, ती रेघ मला तरी अजून सापडलेली नाही.

आणि मग औषधाच्या बाटल्या.

टोमॅटो करणाराला सांगायला नको. करपा, नागअळी, पांढरी माशी, फळ पोखरणारी अळी. एका हंगामात किती बाटल्या रिकाम्या होतात याचा हिशेब घातला तर आपलीच आपल्याला लाज वाटावी. बाटलीवर त्रिकोण असतो हे तुम्हाला ठाऊक असेल. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य, पण विषच. एका शनिवारी आत्याबाईंनी ओसरीवरच्या दोन रिकाम्या बाटल्या उचलल्या, डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या, आणि हिरव्या त्रिकोणाची हिरव्या डब्यात नि निळ्या त्रिकोणाची निळ्या डब्यात टाकली. त्यांना वाटलं, सरकारनं खुणेसाठीच रंग दिलेत. आता यात त्यांचं काय चुकलं, सांगा.

पोरानं दोन्ही बाटल्या ओसरीवर परत ठेवल्या. "औषधाच्या बाटल्या घ्यायच्या नाहीत असं सांगितलंय," म्हणाला. मग टाकायच्या कुठं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, विचारलं. माणूस सज्जन. त्यांनी नियम काढून दाखवला. 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांत कीटकनाशकाचे रिकामे डबे हे बल्ब, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं यांच्यासोबत घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. ते वेगळे ठेवून जमा केंद्रावर द्यायचे. केंद्र कुठं? तर नियमात लिहिलं होतं, शहरात किंवा नगरात, दर वीस चौरस किलोमीटरला एक. भाऊसाहेब चष्मा काढून म्हणाले, "काकू, गावाचं काही लिहिलेलं नाही हो." म्हणजे जिथं फवारणी होते तिथं केंद्र नाही, जिथं कुंडीतल्या तुळशीशिवाय काही उगवत नाही तिथं केंद्र.

मग बाटलीसोबतचा घडीचा कागद वाचला. मुंगीएवढी अक्षरं, नातीकडून वाचून घेतला. कीटकनाशकांचे 1971 चे नियम सांगतात, रिकामे डबे फोडावेत आणि वस्तीपासून दूर पुरावेत. आता प्लॅस्टिक मातीत पुरू नका म्हणून घंटागाडीवरचा भोंगा आठवड्यातून दोनदा ओरडतो, आणि हा कागद म्हणतो पुरा. बरं, पुरायचं तर वस्तीपासून दूर म्हणजे कुठं? आमची वस्तीच मळ्यात. आमच्या घरापासून दूर गेलं की शेजाऱ्यांची विहीर लागते.

भंगारवाला मात्र बाटल्या आनंदानं नेतो. पण तो त्या पुढं कुणाला देतो नि त्यात पुन्हा काय भरलं जातं, या विचारानं ह्यांनी त्याला नाही म्हणून सांगितलं. राहता राहिलं काय? मी त्या बाटल्या गोणीत भरून उकिरड्याच्या कडेला ठेवून दिल्या. गाडी घेत नाही, पुरवत नाही, विकवत नाही, मग ठेवल्या. हाच तो माझा दोष.

2023 चा जुलै आठवतो ना? टोमॅटोला सोन्याचा भाव आला होता. नारायणगावच्या बाजारात क्रेटला कधी ऐकले नव्हते असले आकडे. तोडणीला माणूस मिळेना. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून पाच बाया आल्या होत्या, त्यातल्या एकीसोबत तिचा सहा वर्षांचा मुलगा. पाऊस उघडला होता, ऊन कडक. त्या माउलीनं लेकरासाठी पाणी भरून न्यायला काही शोधलं. गोणीतली एक लिटरभराची बाटली तिला दिसली, झाकणासकट, चांगली जाड. वरचा कागद पावसानं निघून गेला होता. तिनं ती दोन वेळा खळाखळा धुतली, हुंगून पाहिली, आणि भरली. वाचता येत असतं तरी वाचायला त्यावर काही उरलं नव्हतं.

पोरगं बांधावर बसून पाणी प्यालं. थोड्या वेळानं ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला लाळ, घाम. मी आंबवणीत मीठ घालून पाजायला निघाले होते, तर पुतण्या ओरडला, "काकू, काही पाजू नका, गाडीत बसा." नशीब, त्यानं ऐकू दिलं नाही. जाताना तो गोणीजवळ धावत गेला आणि तसल्याच आकाराची, कागद शाबूत असलेली बाटली घेऊन आला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, औषध कुठलं? नाव बघून त्यांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी पोरगं भाकर मागू लागलं.

त्याची आई मला एका शब्दानं बोलली नाही. उलट म्हणाली, "वहिनी, माझीच चूक, मी तुमची बाटली न विचारता घेतली." ते ऐकून मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. माझी बाटली! नाव काय तर माझी.

तेव्हापासून आमच्याकडं रीत अशी. बाटली रिकामी झाली की पंपात औषध कालवतानाच ती तीनदा विसळायची आणि ते पाणी पंपातच ओतायचं. ओढ्यात नाही, मोरीत नाही. मग लगेच, बांधावरच, खिळा तापवून नव्हे तर सरळ सुळक्यानं बुडाला दोन भोकं पाडायची. तापवलेल्या खिळ्यानं वाफ नाकात जाते. भोक पडलं की त्यात कुणाला पाणी भरता येत नाही, भंगारवाल्यालाही तिचा मोह राहत नाही. आणि मग पंपाच्या खोलीतल्या लोखंडी पिंपात टाकून वर कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. फवारणी करणारा गडी पहिल्यांदा कुरकुरला, आता तोच भोकं पाडून आणून देतो.

पिंपापर्यंत झालं. पिंपाच्या पुढं काय, ते दर ग्रामसभेत विचारते. दुकानदाराला विचारलं, तुम्ही बाटली विकता, रिकामी परत घेता का? तो म्हणाला, कंपनी घेत नाही तर मी कुठं ठेवू? मला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नाही. पण सोड्याची काचेची बाटली रिकामी परत दिल्याशिवाय दुकानदार आम्हाला सोडत नसे, ते दिवस मी पाहिले आहेत. दोन घोट सोड्याच्या बाटलीची एवढी काळजी आणि विषाच्या बाटलीचा कुणी वाली नाही, हे मला पटत नाही.

आता 1 एप्रिल 2026 पासून घनकचऱ्याचे नवे नियम आले. दोनाचे चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी, आणि विशेष काळजीचा. भाऊसाहेबांनी कागद आणून दिला तेव्हा मी चौथा रकाना आधी वाचला. आत्याबाईंनी विचारलं, "चौथ्या डब्याचा रंग कुठला गं? त्रिकोणाचा तर नाही ना?" चौथा डबा अजून आमच्या वस्तीवर आलेला नाही. हिरव्यात त्या अजून गाईची मूठभर देठं टाकतात, वहीत खूण होते.

परवा कुलूप काढून पिंपातल्या बाटल्या मोजल्या. एकशे त्रेचाळीस. पिंप भरलं. ह्यांना म्हटलं, येत्या मंगळवारी बाजाराला जाल तेव्हा दुसरं पिंप बघून या, झाकणाला कडी असलेलं.