दाभोळची बोट

आमच्या दादीला तारखा ठाऊक नसत, बोटी ठाऊक असत. "तुझा बाप पहिल्या बोटीच्या आठवड्यात जन्मला," असे ती सांगायची. पहिली बोट म्हणजे पावसाळ्यानंतरची पहिली. जूनमध्ये समुद्र खवळला की मुंबईची आगबोट बंद. मग तीन महिने चिठ्ठी नाही, पैसा नाही. आभाळ मोकळे झाल्यावर भोंगा ऐकू आला की सारे दाभोळ बंदरावर लोटे. नारळ फुटे, पोरे नाचत. दादी सांदणांचा डबा बांधून पाठवी. कारण बोटीवरचा सारंग आपल्यातला, खलाशीही खाडीकाठचेच. अशा कितीतरी कोकणी मुसलमान घरांची चूल बोटीवर पेटत होती.

पण त्या आनंदाला भीतीची किनार होती. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यात आमचे कुणी नव्हते. तरीही ते नाव निघाले की दादी 'इन्ना लिल्लाह' म्हणे आणि थोडा वेळ गप्प बसे.

पुढे रस्ते झाले, एस.टी. आली. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या शेवटच्या बोटींची नावे आम्ही फक्त ऐकली. आमच्या समजत्या वयाच्या आधीच भोंगा थांबला होता.

आम्ही पाहिलेले स्वागत 2003 सालचे. दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली तेव्हा आम्ही शाळकरी होतो. चिपळूणचा वळसा वाचला, मोटारी पाण्यावरून जाऊ लागल्या. आम्ही दादीला हात धरून धक्क्यावर नेले. तिने फेरीबोट वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि म्हणाली, "चांगली आहे. पण ही पलीकडे जाते, मुंबईला कुठे जाते?"

त्या वेळी आम्ही हसलो. तिच्या बोलण्याचा अर्थ फार उशिरा कळला. मे महिन्यात दादी गेली. अब्बा नोकरीनिमित्त मुंबईत. खबर मिळताच ते निघाले; पण सुट्टीची गर्दी, घाट, अडकलेल्या गाड्या. आपल्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. असरनंतर जनाजा उठला. अब्बा पोहोचले तेव्हा इशा होऊन गेली होती. त्यांनी अंधारात कबरीवर मूठभर माती टाकली आणि तिथेच बसून राहिले. दादीच्या काळी असते तर बोटीने आले असते, हे कुणी बोलले नाही. सगळ्यांच्या मनात मात्र तेच होते.

2025 साली भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गसाठी रो-रो बोटीची घोषणा झाली. जयगडला तीन-साडेतीन तासांत, असे सांगण्यात आले. सर्वांत स्वस्त तिकीट 2,500 रुपये जाहीर झाले. आम्ही सातवीच्या वर्गाला 'जहाज' या विषयावर मजमून लिहायला दिला. मुलांनी झेंडे, बँड, हार सारे लिहिले. एका मुलीचे वडील कुवेतला असतात. तिने शेवटी एवढेच लिहिले होते की, जहाज आमच्या गावासमोरून जाईल, पण थांबणार नाही; मग अब्बू कसे उतरणार?

आम्ही वहीवर लाल शेरा मारायला पेन उचलले आणि तसेच खाली ठेवले.

बंदरापाशी अंडा मशीद उभी आहे. विजापूरची शहजादी हजला निघाली, समुद्र धोक्याचा म्हणून इथेच थांबली आणि तिने ती बांधली, असे लोक सांगतात. थांबलेल्यांचे हे जुने गाव आहे. नव्या बोटीवर आमचा राग नाही. जयगडच्या लोकांनी नारळ फोडावा, आमच्याही दुआ तिच्याबरोबर आहेत. मागणे एवढेच, की कधीतरी तिने दाभोळलाही लागावे, आणि शिक्षकाच्या, खलाशाच्या खिशाला परवडेल असे तिकीट असावे. सांदणांचा डबा बांधायला आमच्या घरात अजून माणसे आहेत.