जिंजी राहिलीय

रात्री माळा आवरताना जुनी सॅक हाती लागली. उलटी केली तर तळाशी राजगडाची वाळलेली माती. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीत पावसाने गाठलं होतं, दगडाला पाठ लावून तासभर उभी होते. बाबांनी खिशातला गूळ-शेंगदाण्याचा लाडू अर्धा मोडून दिला. गडाचा विषय निघाला की अजून तोच अर्धा लाडू आठवतो.

युनेस्कोने २०२५ साली जागतिक वारसा यादीत घेतलेले बारा किल्ले मोजत बसले. सात बघून झाले. साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही चार नावं वहीत लिहिली. दिवाळीनंतर साल्हेर, गुडघे साथ देताहेत तोवर. १५६७ मीटर आहे तो.

पण खरी ओढ जिंजीची. बारांतला महाराष्ट्राबाहेरचा तो एकटाच, तामिळनाडूत. रायगड पडला, पण राजाराम महाराजांनी जिंजीतून राज्य चालवलं. १६९८ पर्यंत मोगलांना तो घेता आला नाही. एवढ्या दूर, परक्या मुलखात आपली माणसं कशी राहिली असतील, काय खाल्लं असेल? ते तिथल्या उन्हात उभं राहूनच कळेल.

बाबा आता चढू शकत नाहीत. पायथ्यापर्यंत तरी त्यांना नेणार. उद्या चेन्नईच्या गाडीची तिकिटं बघते.