पास्त्याच्या दिवशी सांगायचं होतं

आमच्या साताऱ्याच्या घरात मी सहा वर्षं गॅस पेटवला नव्हता. चहाचा अपवाद. येत नव्हतं म्हणून नाही, ठरवलं होतं म्हणून.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा एक नातेवाईक बाई आमच्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "इंजिनीअर झाली तरी पोळ्या काय चुकतात होय?" मी लाटणं खाली ठेवलं आणि हॉलमध्ये जाऊन बसले. ते लाटणं पुन्हा उचललं ते पुण्यात. हिंजवडीजवळच्या फ्लॅटवर आम्ही तिघी राहायचो. तिथे मी वरण-भातापासून बिर्याणीपर्यंत सगळं शिकले. शुक्रवारी रात्री व्हाइट सॉसमधला भाज्यांचा पास्ता हा तर माझाच प्रांत होता. पण घरी पत्ता लागू दिला नाही. लागला असता तर दुसऱ्या दिवशी बायोडेटामध्ये 'स्वयंपाकाची आवड' ही ओळ वाढली असती. स्थळाचा विषय निघाला की माझं एकच उत्तर असायचं, नोकरी. डेडलाइन आहे, रिलीज आहे, प्रमोशनचं वर्ष आहे. आई चिडायची, पण गप्प बसायची. घराच्या वरच्या मजल्याच्या कर्जाच्या हप्त्यातले बारा हजार माझ्या खात्यातून जायचे, त्यामुळे माझ्या उत्तराला वजन होतं.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी म्हटलं, "आज रात्रीचं जेवण मी करते. पास्ता." आईने हातातली मेथी निवडायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. मग परत निवडायला लागली. म्हणाली, "कर की."

खरं कारण असं होतं की माझी नोकरी जाऊन अठरा दिवस झाले होते आणि ते घरी कुणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराला पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं आमंत्रण आलं. विषयाच्या जागी फक्त 'कनेक्ट'. कॉलवर मॅनेजर आणि एचआरच्या एक बाई. बाईंनी वाचून दाखवलं, मॅनेजर खाली बघत होता. बाराव्या मिनिटाला कॉल संपला. दुपारी लॅपटॉप लॉक झाला आणि सहा वर्षांचे मेल, माझे डॉक्युमेंट्स, रात्री दोनला लिहिलेला कोड, सगळं एका पासवर्डच्या पलीकडे गेलं. दोन महिन्यांचा पगार मिळणार होता. चौथ्या दिवशी मी माझा कॉलेजातला जुना लॅपटॉप घेऊन साताऱ्याची एसटी पकडली आणि घरी सांगितलं, महिनाभर वर्क फ्रॉम होम आहे.

वरच्या मजल्यावर बसून मी रोज नऊ ते सहा लिंक्डइन बघायचे. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज जेवताना कुणीतरी आधीच काहीतरी बोलायचं. मग वाटलं, माझ्या हातचं जेवण असेल तर टेबलावर पहिला शब्द माझा असेल. आणि पोट भरलेलं असताना माणसं कमी ओरडतात असा एक अंदाज.

संध्याकाळी मंडईतून ढोबळी मिरची, गाजर, मटार आणि मक्याचं कणीस आणलं. पेन्ने आणि चीज किराणा दुकानात मिळालं. ओरेगॅनो माझ्या पर्समध्येच होता, पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या मी फेकत नाही. बाबांना शुगर आहे, म्हणून भाज्या दुप्पट घ्यायच्या आणि पास्ता कमी, हे आधीच ठरवलं होतं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, लिटरमागे दहा ग्रॅम मीठ. आईने एवढं मीठ पाण्यात पडताना बघितलं आणि तिचा हात नकळत पुढे आला. मी म्हटलं, "पाणी नंतर ओतून द्यायचंय." ती मागे झाली. पण ओट्यापासून हलली नाही.

पास्ता शिजवताना अल देन्ते शिजवायचा असतो. इटालियनमध्ये अर्थ असा की दाताला लागला पाहिजे, आत किंचित कणी राहिली पाहिजे. मी घड्याळ लावून नऊ मिनिटं मोजत होते. मागून आजी म्हणाली, "मऊ कर गं, कवळी काढून ठेवलीय मी." दाताला लागावा असा पास्ता आणि खाणारीला दातच नाहीत. मी आणखी चार मिनिटं दिली.

व्हाइट सॉसला तीन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा आणि साधारण सहाशे मिली दूध. लोण्यात मैदा मंद आचेवर परतायचा, कच्चा वास जाईपर्यंतच. रंग बदलता कामा नये. मग दूध थोडं थोडं घालत सतत हलवायचं. मैद्यातला स्टार्च गरम दुधात फुगतो आणि दूध दाट होतं, बेसनाने कढी दाट होते तसंच. फ्लॅटवर हे मी डोळे मिटून करायचे. त्या दिवशी मात्र डोक्यात पहिलं वाक्य जुळवत होते. 'बाबा, एक सांगायचंय.' की 'घाबरू नका, पण'? तेवढ्यात अर्धं दूध एकदम पडलं आणि कढईत गाठीच गाठी झाल्या.

मी चमच्याने त्या कडेला दाबून फोडायला लागले. एक फोडली की दोन वर यायच्या. आईने भिंतीवरची रवी काढली, धुतली आणि माझ्या हातात दिली. एक शब्द नाही. मी रवी फिरवली, दीड-दोन मिनिटांत सॉस गुळगुळीत झाला. "पिठल्यात झाल्या की मी असंच करते," ती एवढंच म्हणाली. मग मी जायफळ मागितलं तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "यात जायफळ? बासुंदी आहे का ही?" पण तिने स्वतःच किसून दिलं आणि बोट लावून चाखलं. "हं," म्हणाली. आमच्या घरात ही मोठी दाद आहे.

आठ वाजता चौघं बसलो. मी पहिला शब्द बोलायच्या आत बाबांनी विचारलं, "भाकरी आहे का?" आईने झाकण काढलं. चार ज्वारीच्या भाकरी आणि वाटीत ठेचा तयार होता. कधी केलं तिने हे, मला कळलंही नाही. सर्व्हर पडला तर दुसरा तयार ठेवण्यासाठी आम्ही कंपनीत आठवडे घालवायचो. बाबांनी भाकरीच्या तुकड्याने पास्ता उचलला, ठेच्याला टेकवला आणि खाल्ला. मग म्हणाले, "चांगलं लागतंय. थोडं अजून वाढ."

आजी खात नव्हती. तिने एक पेन्ने ताटातून उचललं होतं, कडेवरचा सॉस बोटाने पुसला होता आणि दिव्याच्या उजेडात धरलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जवळचं नीट दिसतं.

"हे तर फणुलं आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"फणुलं. फणीवर करतात ते. ह्या रेघा बघ की."

मला फणुले माहीत नव्हते. माझ्यासारख्या आणखी कुणाला माहीत नसतील तर सांगते. बारीक रवा दुधात घट्ट भिजवायचा, खूप मळायचा. त्याच्या चिमटीत वळलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक कण्या म्हणजे गव्हले. नखाएवढे, नखासारखे वळलेले ते नखुले. आणि कोऱ्या फणीच्या दातांवर दाबून वळले की अंगावर रेघा उमटतात, ते फणुले. उन्हात वाळवून डबा भरायचा आणि सणाला, लग्नाला त्यांची खीर करायची. लग्नघरात सांडगे, पापडांबरोबर गव्हल्यांचाही मुहूर्त असतो, आणि रुखवतात ते ताटात मांडतात.

मी मोबाइलवर शोधलं. पेन्ने म्हणजे लेखण्या, पिसाच्या टोकासारखे तिरके कापलेले म्हणून. रिगाते म्हणजे रेघांचे. रेघा असल्या की सॉस धरून राहतो. आजी म्हणाली, "खीरसुद्धा धरून राहते." पाकिटावर ड्युरम गहू लिहिलं होतं. हा कुठला, तर आपला बन्सी, ज्याचा रवा आजी शेवयांना वापरायची, तो ड्युरमच. एवढं सगळं जुळत गेलं की मी सांगायचं काय होतं ते पाच मिनिटं विसरलेच.

"तू करायचीस हे?" मी विचारलं.

"करायची म्हणजे? चैत्र लागला की मला चार-चार घरनं बोलावणं यायचं. कुणाचं लग्न असलं की आधी मला विचारायचे, कधी मोकळी आहेस. पसाभर गहू द्यायचे, खण द्यायचे. माझ्यासारखे एकसारखे गव्हले गावात कुणाला वळता यायचे नाहीत."

"मग?"

"मग गिरणीवाल्यानं शेवयाचं मशीन आणलं. पुढं गव्हले पण पुडीत मिळायला लागले. बायका म्हणाल्या, कशाला जीव काढायचा." तिने ते पेन्ने तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत राहिली. "दोन वर्षं चैत्रात मी दारात बसायची. कुणी बोलवायला येतंय का बघत. तुझा आजोबा म्हणायचा, आत ये, ऊन लागंल."

टेबलावर कुणीच काही बोललं नाही. मी मोबाइलकडे बघत होते. पेन्नेच्याच पानावर पुढे होतं की जिनोव्हाजवळच्या जोव्हान्नी बात्तिस्ता कापुर्रो नावाच्या पास्तावाल्याने १८६५ साली ते तिरकं कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं. म्हणजे माझ्या ताटातलं हे मशीनचंच अपत्य होतं. मशीनच्या आधी हाताने पास्ता कापणारं कुणी तिथेही दारात बसलं असेल का, असं मनात आलं.

"मग तू काय केलंस, दोन वर्षांनी?"

"गोधड्या शिवायला घेतल्या. हात मोकळे झाले म्हणून काय कापून टाकायचे?"

तेव्हा मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "माझी नोकरी गेली," एवढंच आलं, आणि पुढे, "अठरा दिवस झाले."

बाबांनी घास ताटात ठेवला. आई उठली नाही, रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"कसं?"

"पंधरा दिवसांत एकदाही 'आई, गप्प, कॉल चालू आहे' म्हणाली नाहीस. आणि लॅपटॉप तुझा जुना आहे. त्याच्या कोपऱ्याला मीच चिकटपट्टी लावलेली."

म्हणजे मी वर नऊ ते सहा नाटक करत होते आणि खाली प्रेक्षकाला शेवट माहीत होता. मला एकदम राग आला, मग हसू आलं, आणि मग जे यायचं ते आलं. आजीने पदराने माझं तोंड पुसलं. पदराला सॉसचा वास होता.

बाबा हात धुऊन आले ते डायरी घेऊन. ते शाळेत क्लार्क होते, त्यांना दुःख झालं की ते बेरीज करतात. हप्ता किती, पेन्शन किती, माझे दोन महिने किती. ताट सरकवून त्यांनी टेबलावर आकडे मांडले आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. "जुलैपर्यंत ओढता येईल," म्हणाले. "त्याच्या आत बघ." धीर वगैरे काही दिला नाही. पण त्या रात्री मी अठरा दिवसांत पहिल्यांदा सलग झोपले.

सगळं गोड झालं असं नाही. चौथ्याच दिवशी आईने स्थळाचा फोटो पुढे केला. "आता वेळ आहे तर भेटून तरी घे." मी म्हटलं, नोकरी नसताना मी कुणासमोर बसणार नाही. ती म्हणाली, नोकरी असतानाही बसत नव्हतीसच. खरं होतं ते, म्हणून जास्त भांडले. इतकी वर्षं मी पगाराच्या मागे उभी राहून नाही म्हणत होते. आता तो नसताना नाही म्हणायचं तर ते माझं मलाच म्हणावं लागणार आहे. त्याची मला अजून सवय नाही. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, सॉससाठी मैद्याऐवजी गव्हाचं पीठ चालेल का, बाबांना बरं. मी म्हटलं, चालेल, थोडं जास्त परतावं लागेल. फोटो अजून फ्रिजवर आहे.

गेल्या रविवारी आजीने मला बाजारातून कोरी फणी आणायला लावली. बन्सीचा रवा दुधात भिजवला, मी मळला, तिने तीनदा परत मळायला लावला. अंगणात पाटावर बसून आम्ही फणुले वळले. तिची बोटं आता थरथरतात, तरी तिचे सगळे एका मापाचे होते. माझे काही जाड, काही फाटलेले, काहींवर रेघाच नाहीत. ती माझ्यातले एकेक उचलून बाजूला काढत होती.

"हे तुझ्या लग्नाला करायचे होते मला," ती म्हणाली.

"आजी."

"बरं बरं. तुझ्या नोकरीला करू."

ताटभर फणुले गच्चीवर वाळत घातलेत. मी व्हाइट सॉस म्हणतेय, ती खीर म्हणतेय. मंगळवारी एका कंपनीत मुलाखतीची दुसरी फेरी आहे, अकरा वाजता.