बंदुकीचा चाप आणि परगावचा मिस्त्री

ज्यांच्या कपाळी बदलीची नोकरी लिहिलेली असते, त्यांना दर तीन-चार वर्षांनी एका परीक्षेस बसावे लागते. तिचा अभ्यासक्रम कोणत्याही नियमावलीत छापलेला नसतो. नव्या गावी सामानाच्या पेट्या उघडतात न उघडतात तोच शिंपी, न्हावी, वैद्य, सोनार, घड्याळजी ही सारी मंडळी नव्याने शोधावी लागतात. आपल्या गावी ही माणसे घरादाराबरोबर वारशानेच मिळालेली असतात. ज्या सोनाराने आजीची नथ घडवली त्याचाच नातू आपल्या सुनेचे मंगळसूत्र घडवतो. तेथे चौकशीचा प्रश्नच उद्भवत नाही. परगावी मात्र ही माणसे निवडावी लागतात, आणि निवड चुकली तर तिचे फळ आपल्याच पदरात पडते. शिंप्याने बाही आखूड केली तर ती दुमडता येते. न्हाव्याने डोके बिघडवले तर पंधरा दिवस टोपी घालून निभावते. पण बंदुकीच्या चापाचे काम बिघडले तर त्याला दुमड नाही आणि टोपीही नाही.

आमच्याकडे वडिलांची एक बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि वडिलांची शिकार सुटली. बंदूक मात्र सुटली नाही. त्यांच्यामागे परवाना रीतसर आमच्या नावावर झाला. निवडणूक जाहीर झाली आणि हुकूम निघाला की ती पोलीस ठाण्यात जमा होते, खंडेनवमीला झेंडूची माळ घालून पाटावर बसते, आणि वर्षाकाठी चार-दोन वेळा मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्यासाठी मैदानावर येते. एवढाच तिचा संसार. बिहारात बदली झाल्यावर अशाच एका सकाळी आमच्या ध्यानात आले की, तिचा पुढचा चाप फारच हलका झाला आहे. बोट टेकते न टेकते तोच बार उडे. नळी मैदानाकडे होती म्हणून बिघडले काही नाही. पण त्या दिवशी दुसरे काडतूस भरण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

कचेरीत ही गोष्ट निघाली तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. “चार पेच काढायचे, झिजले असेल ते नीट करायचे, पुन्हा पेच बसवायचे, त्यात मिस्त्री कशाला?” असे एका तरुण सहकाऱ्याने सांगितले, व लगोलग हातातल्या दूरध्वनीवर कोणा परदेशी गृहस्थाची चित्रफीतही दाखवली. हा मोह आम्हांला परका नाही. नळाचा वायसर, सायकलचे पंक्चर, पंख्याचा कंडेन्सर ही कामे स्वतःच्या हातांनी करण्यात आम्हां मध्यमवर्गीयांना मोठी धन्यता वाटते. पैसे वाचतात हे तर खरेच. पण घरातल्या माणसांसमोर थोडा भावही वधारतो. तथापि अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्यासही काही जागा ठरलेल्या असतात. बंदुकीचे पोट ही ती जागा नव्हे.

याचे कारण त्या पोटाच्या रचनेतच आहे. आमच्या बंदुकीसारख्या दुनळीत घोडा बाहेर दिसत नाही; तो आत, ताणलेल्या कमानीच्या जोरावर, झेप घेण्याच्या पवित्र्यात बसलेला असतो. त्याला थोपवून धरते ती एका लहानशा तरफेची चोच. घोड्याच्या अंगावरील खाचेत ती चोच अडकलेली असते. चाप ओढला की चोच खाचेतून सुटते आणि घोडा काडतुसाच्या टोपीवर आदळतो. चोच आणि खाच यांचा स्पर्श नखाच्या कडेएवढा. सारा भरवसा त्या कडेच्या कोनावर. शिवाय अशा भागांना पुष्कळदा वरच्यावरच पाणी दिलेले असते; साल कठीण आणि गर मऊ. कानस किंवा दगड फिरवून ती साल गेली, तर चाप आठ दिवस लोण्यासारखा चालतो, मालक स्वतःवर खूश होतो, आणि आतले मऊ लोखंड हळूहळू झिजत जाते. मग एखादे दिवशी बंदुकीचा दस्ता जरा जोराने जमिनीवर टेकला, की चापाला कोणी न शिवताही बार उडू शकतो. पाठीवरचा सुरक्षेचा खटका लावला होता, असे म्हणून तेव्हा सुटका होत नाही. बहुतेक साध्या दुनळींत तो खटका केवळ चापाला अडवतो. आतल्या घोड्याला त्याची दाद नसते.

कायद्याचेही मत याहून निराळे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात शस्त्रे बनवणे आणि विकणे यांच्या पंगतीलाच ती दुरुस्त करणेही बसवले आहे, आणि त्यासाठी वेगळा परवाना सांगितला आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे तिच्या अंतरंगात हात घालण्याचा परवाना नव्हे. आम्हां सरकारी माणसांना हा भेद समजण्यास जड जाऊ नये. फाईल आपल्या टेबलावर आली म्हणजे तीवर सही करण्याचा अधिकारही आला, असे थोडेच असते?

तेव्हा माणूस शोधणे आले. कोलकात्यास या धंद्यातील जुनी, नावाजलेली दुकाने आहेत. पण आमच्या मुक्कामापासून मुंगेर जवळ होते. मीर कासीमने १७६२ च्या सुमारास आपली राजधानी मुर्शिदाबादेहून मुंगेरला हलवली आणि तेथे शस्त्रांचा कारखाना उभारला. बंदूक घडवण्याची विद्या त्या गावाच्या हातांत तेव्हापासून मुरली आहे. चोरट्या हत्यारांच्या बातम्यांतही याच गावाचे नाव वरचेवर येते. म्हणजे हात तयार आहेत, एवढ्यावर भागत नाही. त्या हातांमागचा माणूस पारखावा लागतो.

पहिल्या दुकानातील गृहस्थाने बंदूक हातात घेण्यापूर्वीच “शाम तक हो जाएगा” असे आश्वासन दिले. आम्ही त्याला नमस्कार करून पुढे निघालो. दुसऱ्या दुकानात सत्तरीच्या घरातले एक मिस्त्री बसले होते. परवाना भिंतीवर टांगलेला होता. त्यांनी बंदूक घेतली, प्रथम नळ्या मोडून दोन्ही रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहिले, आणि मगच आमच्याकडे पाहिले. ती रिकामी असल्याचे आम्ही आधीच सांगितले होते. त्यांनी ते ऐकले आणि तरीही पाहिले. निम्मी निवड तेथेच झाली. मग त्यांनी विचारले, बंदूक चालवते कोण, घरात लहान मुले आहेत काय, ठेवता कोठे? चाप किती हलका हवा हे त्यांनी विचारलेच नाही. ते सांगणे आपले काम आहे, गिऱ्हाइकाचे नव्हे, असा त्यांचा भाव होता. पुढच्या चापास साधारण साडेतीन पौंड आणि मागच्यास चार, हा इंग्रज कारागिरांचा जुना प्रघात. पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरा चाप नकळत दाबला जाऊ नये, हे मागचा चाप जड ठेवण्याचे एक कारण. त्यांनी काटा लावून आमचा पुढचा चाप मोजला. तो दोन पौंडही भरेना.

नोंदवहीत दोन्ही क्रमांक उतरवून, पावती देऊन त्यांनी बंदूक ठेवून घेतली आणि आठ दिवसांनी बोलावले. आम्ही गेलो तेव्हा कापडावर सुटे भाग मांडलेले होते. त्यांनी भिंग आमच्या हाती दिले आणि पेचांची डोकी दाखवली. चांगल्या बंदुकीच्या पेचावरील खाच केसासारखी बारीक असते. कारागीर तिच्या मापाचे पेचकस स्वतः घासून तयार करतो. आमच्या दोन पेचांच्या खाचांचे ओठ फाटलेले होते. मग त्यांनी तरफेची चोच दाखवली. तीवर आडवे, बारीक ओरखडे होते. “साहब, इसे किसी ने घर में घिसा है,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

वडिलांना घड्याळे उघडण्याचा नाद होता. लहान कानशींचा एक संच त्यांच्या मेजाच्या खणात नेहमी असे. पण बंदूक त्यांनी जुनी विकत घेतली होती. ते ओरखडे पहिल्या मालकाच्या हातचेही असू शकतील. खरे काय ते सांगणारे आता कोणी उरले नाही. एवढे मात्र खरे की, तो हात कोणाचाही असो, त्याने उरकलेले काम पुढे कित्येक वर्षे आमच्या घरात, कपाटात, आणि दर खंडेनवमीला पाटावर आमच्या मुलांच्या पुढ्यात होते. पाटावर ती रिकामी असे, एवढीच काय ती आमची पुण्याई.

मिस्त्रींनी ती चोच पुन्हा घासण्यास साफ नकार दिला. नवा भाग घडवीन, त्याला पाणी देईन, जोडी जुळवीन. दोन महिने लागतील. नाहीतर बंदूक अशीच घेऊन जा आणि काडतूस भरू नका, असे त्यांनी सांगितले. दाम ऐकून क्षणभर आमचा चेहरा उतरला असावा. त्यांनी तो पाहिला, पण दाम उतरवले नाही. दोन महिन्यांनी त्यांनी आमच्यासमोर काटा लावला, घोडे चढवून रिकाम्या बंदुकीचा दस्ता लाकडी फळीवर अनेकदा ठोकला, आणि दोन्ही घोडे जागचे हलले नाहीत हे दाखवून मगच पावतीवर आमची सही घेतली.

स्वतःच्या हातांनी करण्यासारखे मालकापाशी काहीच उरत नाही, असे मात्र नव्हे. नळ्या साफ करणे, हलका तेलाचा हात देणे, बंदूक कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवणे, दर वेळी नळ्या मोडून डोळ्यांनी पाहणे, आणि चाप वेगळा लागू लागला तर त्याच दिवशी थांबणे, ही सारी कामे आपलीच. ती कोणताही मिस्त्री आपल्यासाठी करणार नाही. मिस्त्री काम करतो ते दोन दिवसांचे. आपले काम वर्षभराचे असते.

पुढच्या वर्षी आमची बदली बहुधा होईलच. कार्यभार सोपवताना तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, प्रलंबित प्रकरणांची यादी हे सारे नव्या साहेबांच्या स्वाधीन करू. त्या कागदांत ज्याला रकाना नाही, अशी एक चिठ्ठी आम्ही आताच लिहून ठेवली आहे. तीत एका वैद्यांचे नाव आहे, एका शिंप्याचे आहे, आणि मुंगेरच्या त्या मिस्त्रींचा पत्ता आहे. नव्या साहेबांकडे बंदूक नसेलही. पण “होणार नाही” असे तोंडावर सांगणारा एक कारागीर जवळच्या गावात आहे, हे ठाऊक असलेले बरे.