बिनकानाचा कप

माझ्या वडिलांचा चहाचा एक कप होता. कान तुटलेला, कडेचा टवका उडालेला. पहाटेच्या मिस्साहून परतल्यावर ओटीवर बसून ते त्यातूनच चहा घेत. नवे घर बांधले तेव्हा आशीर्वादाच्या दिवशी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून मी तो माळ्यावर टाकला. वडील काहीच बोलले नाहीत. पुढे अखेरपर्यंत ते सोनेरी कडेच्या कपातून चहा प्यायले.

त्यांच्या पश्चात संत गोन्सालो गार्सियांच्या निमित्ताने मी जपानचा इतिहास वाचू लागलो. वसईच्या या सुपुत्राला १५९७ साली नागासाकीला क्रुसावर देण्याचा हुकूम सोडणारा हिदेयोशी चहाचा मोठा शौकीन होता. १५८६ साली त्याने सम्राटासमोर सोन्याने मढविलेली चहाची खोली मांडली. त्याचा चहागुरू सेन नो रिक्यू मात्र साधेपणात सौंदर्य शोधणारा. यामाझाकी येथील ताइआन ही त्याची मानली जाणारी खोली अवघ्या दोन चटयांची. तिचे दार इतके बुटके, की आत येणाऱ्याने, मग तो सरदार का असेना, वाकूनच यावे. चोजिरो नावाच्या कारागिराकडून त्याने चाकावाचून, हातांनी घडविलेले काळे वाडगे करवून घेतले. जपानी लोक या सौंदर्याला ‘वाबी’ म्हणतात. मुळात दैन्य आणि एकाकीपणा सुचविणारा हा शब्द कलेचा आदर्श होऊन बसला! १५९१ साली हिदेयोशीच्या आज्ञेने रिक्यूला आत्मघात करावा लागला. पण त्याची दृष्टी मागे उरली. त्याच्या सात प्रमुख शिष्यांत गणला जाणारा ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार होता. श्रद्धेपायी हद्दपार होऊन तो १६१५ साली मनिला येथे वारला. २०१७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले.

पुढच्या पिढीतील होनामी कोएत्सू या कलावंताचा ‘सेप्पो’ नावाचा तांबडा वाडगा भट्टीतच तडकला. त्या भेगा लपविल्या गेल्या नाहीत. लाखेने सांधून त्यांवर सोने चढविले गेले. वाडग्याच्या अंगावरून त्या ओघळांसारख्या उतरतात. त्याचे छायाचित्र पाहिले आणि मी पुस्तक मिटले.

सोन्याची खोली उभारणारा हिदेयोशी मला परका वाटेना. मीही पाहुण्यांना दिपविण्यासाठीच घर सजविले होते. सोने कोएत्सूच्या वाडग्यावरही होते. पण ते वैभव मिरविण्यासाठी नव्हते, जे तडकले त्याचा मान राखण्यासाठी होते. बापाच्या हाताची सवय झालेली वस्तू मला मात्र लाजिरवाणी वाटली.

त्या संध्याकाळी माळा धुंडाळला. कप सापडला, आत कोळ्याने जाळे विणले होते. धुऊन त्यात चहा ओतला. कान नसल्याने तो दोन्ही हातांनी धरावा लागला. वडील तो तसाच धरीत, जणू काही ओंजळीत घेतले आहे. ते मी रोज पाहत होतो. पण माझ्या ध्यानात मात्र ते त्या दिवशीच आले.