मूळ, ओल आणि पाण्याची पाळी

प्रिय सुजय,

डाळिंबाच्या नव्या लागवडीला सुरुवातीपासून पाणी तोडायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात आपोआप खोल जातात, असा सल्ला तुला मिळाला आहे. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी रोपं हातची जातात, म्हणून सविस्तर लिहिते. मूळ पाण्याकडे वळतं यात शंका नाही. पण पाणी कुठे आहे हे त्याला लांबून कळत नाही. त्याला कळतो तो आपल्या दोन अंगांना लागणाऱ्या ओलीतला फरक.

युलियुस फॉन झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये जाळीचा तळ असलेल्या चौकटीत लाकडाचा ओला भुसा भरला, त्यात बी पेरलं आणि चौकट तिरकी टांगली. मुळं जाळीतून बाहेर आली. गुरुत्वाकर्षणाने ती सरळ खाली जायला हवी होती, पण वळली आणि ओल्या तळाला चिकटून तिरकी वाढत राहिली. भोवतालची हवाच पुरती दमट ठेवली, तेव्हा मात्र ती सरळ खाली गेली. ओला भुसा दोन्ही वेळा तितकाच जवळ होता. दुसऱ्या वेळी सगळीकडून ओल सारखी लागत होती, म्हणून वळायला कारण उरलं नाही. ही जाणीव मुळाच्या टोकात असते असं चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या पुस्तकात मांडलं. ते फार काळ मानलं गेलं. पण २०१७ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर काम करणाऱ्यांना दिसलं, की टोक काढून टाकलं तरी मूळ ओलीकडे वळतं. टोकामागे जिथे पेशी लांबतात, तिथल्या सालीच्या थरात हे काम चालतं. या रोपाचं मूळ जेमतेम मिलिमीटरच्या एक दशांशाइतकं जाड. त्याची पारख तेवढ्याच अंतरापुरती. फुटव्यांचंही तसंच: मुळाच्या एका अंगाला ओली माती आणि दुसऱ्या अंगाला हवा असेल, तर उपमुळं ओल्या अंगाला फुटतात, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं.

तू म्हणशील, मग पिंपळाची मुळं विहिरीत आणि सांडपाण्याच्या नळात नेमकी कशी शिरतात? नळाचा सांधा झिरपतो, भोवतालची माती ओली होते, आणि शेकडो मुळांपैकी जे त्या ओलीत पोचतं ते तिथे फुटतं, माजतं. कोरड्यात गेलेली आपल्याला दिसत नाहीत. वाहत्या पाण्याचा आवाज मुळांना कळतो, असाही एक प्रयोग ऑस्ट्रेलियात वाटाण्यावर झाला आहे (२०१७). त्यावर मतभेद आहेत. पण ओल आणि आवाज दोन्ही उपलब्ध असताना मुळांनी ओलीचाच माग धरला, हे त्याच प्रयोगाचं सांगणं.

आता ताणाचं. बेताचा ताण पडला की झाड शेंड्यापेक्षा मुळांकडे जास्त अन्न वळवतं, एवढं खरं. पण मूळ लांबायचं तर त्याच्या पेशींत पाणी भरायला हवं, आणि कोरडी माती कठीणही होते. खाली ओलच नसेल तर मूळ कशाच्या आधारे उतरणार? तुडुंब पाण्यातही ते चालत नाही, कारण मुळांना हवा लागते. पांढरी मुळी चालते ती वाफशावर. म्हणजे आधी खोलवर भिजवायचं, मग वरचा थर सुकू द्यायचा. रोज थोडं थोडं पाणी दिलंस तर मुळं वरच्याच थरात गोळा होतील, आणि उन्हाळ्यात तोच थर आधी तापेल. बहारासाठी द्यायचा ताण ही निराळी गोष्ट. तो वाढलेल्या झाडाला, नव्या रोपाला नव्हे.

तेव्हा ड्रिपर खोडाला चिकटवून ठेवू नकोस. रोपाचा घेर वाढेल तशी नळी बाहेर सरकव. आणि प्रत्येक पाळीआधी आळ्याच्या कडेला वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघ: लाडू वळून बोटाच्या दाबाने फुटला, तर अजून थांब.

तुझी,
मावशी